उतरायचं नाही

मध्यरात्र उलटून गेली होती. घर झोपलेलं, टीव्हीचा आवाज बंद, आणि मी बास्केटबॉल कोर्टाच्या रिकाम्या अर्ध्या भागाकडे बघत बसले होते. २६ ऑगस्ट २०२०. एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या प्लेऑफची, म्हणजे बाद फेऱ्यांतली, पहिली फेरी, मिलवॉकी बक्स विरुद्ध ऑरलँडो मॅजिक, सामना पाचवा. बक्स ३-१ असे पुढे होते. हा जिंकला की फेरी खिशात. मॅजिकचे खेळाडू अंग मोकळं करत होते. बक्सच्या बाजूला कोणीच नाही. आधी वाटलं, प्रक्षेपणात काहीतरी घोळ झालाय. थोड्या वेळाने मॅजिकवालेही आत निघून गेले आणि पडद्यावर नुसती लाकडी जमीन उरली.

तेव्हा माझ्या मनात उदात्त वगैरे काही आलं नाही. मी चिडले. एवढं जागायचं आणि हे लोक येतच नाहीत म्हणजे काय? लहानपणी डाव अर्ध्यावर टाकून जाणाऱ्याला आम्ही सगळे मिळून ‘रडीचा डाव’ म्हणून हैराण करायचो. नेमकी तीच चीड. नंतर तिची लाज वाटली, आणि आणखी बऱ्याच काळाने ती कुठून आली होती ते कळलं.

मिलवॉकीपासून साधारण ६५ किलोमीटरवर केनोशा नावाचं शहर आहे. २३ ऑगस्टला तिथे एका पोलिसाने जेकब ब्लेक या कृष्णवर्णीय तरुणावर अगदी जवळून सात गोळ्या झाडल्या. त्याची तीन लहान मुलं गाडीत मागे बसली होती. तो वाचला, पण कमरेखाली लुळा झाला. शहर पेटलं. २५ तारखेच्या रात्री निदर्शनांच्या वेळी गोळीबार होऊन आणखी दोघे मेले. आणि हे सगळं होत असताना बक्सचे खेळाडू दूर फ्लोरिडात, डिस्नेच्या आवारात, कोरोनामुळे उभारलेल्या त्या बंदिस्त ‘बबल’मध्ये. बाहेर पडायचं नाही, रोज चाचणी करायची आणि खेळायचं.

बक्सचा जॉर्ज हिल दोनच दिवसांपूर्वी वैतागून म्हणाला होता, की आपण इथे यायलाच नको होतं. २६ तारखेला त्याने सांगून टाकलं, मी खेळणार नाही. स्टर्लिंग ब्राउन त्याच्या बाजूने उभा राहिला. ब्राउनला हे प्रकरण फक्त बातम्यांतून ठाऊक नव्हतं. जानेवारी २०१८ मध्ये गाडी चुकीच्या जागी लावली एवढ्यावरून मिलवॉकीच्या पोलिसांनी त्याला जमिनीवर पाडून टेझरचा, म्हणजे विजेच्या बंदुकीचा, झटका दिला होता. दोघांचे सगळे झाले. नंतर वाचलेल्या हकिकतींतला मला आवडलेला भाग असा, की बक्सच्या डोक्यात कसलंही मोठं आंदोलन नव्हतं. आपण उतरायचं नाही. सामना मॅजिकला बहाल होईल, तर होऊ दे. एवढंच. मॅजिकने ती फुकटची जीत घेतली नाही. मग त्या दिवशीचे एनबीएचे उरलेले दोन सामने थांबले, महिलांच्या डब्ल्यूएनबीएचे तीन थांबले, बेसबॉल आणि फुटबॉलमधलेही काही थांबले. इतर संघांतले काही जण बक्सवर रागावलेही होते: आधी सांगायचं तरी होतंत!

लॉकर रूममध्ये बसून त्यांनी मिलवॉकी आणि केनोशा ज्यात येतात त्या विस्कॉन्सिन राज्याच्या ॲटर्नी जनरलना फोन लावला आणि आता काय करता येईल ते विचारलं. म्हणजे आधी उठले आणि मागणी मग शोधली. हा भाबडेपणा आहे असं म्हणता येईल. मला तो क्रम ओळखीचा वाटतो. असह्य झालं की माणूस आधी हातातलं खाली ठेवतो. काय हवंय ते मागाहून सुचतं. कित्येक तासांनी हिल आणि ब्राउनने बाहेर येऊन निवेदन वाचलं. राज्याचं विधिमंडळ महिनोन्‌महिने हातावर हात धरून बसलं आहे, त्याने पुन्हा भरावं आणि पोलिसांच्या जबाबदारीबद्दल काही ठोस करावं.

दुसऱ्या दिवशी जिकडेतिकडे ‘बॉयकॉट’, म्हणजे आपल्याकडे ‘बहिष्कार’. तो शब्द मला खटकत राहिला. बहिष्कार गिऱ्हाईक घालतं, नाहीतर ज्याच्या हातात गाव असतं तो घालतो. मराठीत तर या शब्दाला जुना कडवट वास आहे. तो बहुतेक वेळा वरून खाली घातला गेला, आणि ज्यांच्यावर घातला त्यांचं पाणीसुद्धा तुटलं. खेळाडू ना गिऱ्हाईक, ना गावकारभारी. ती कामावरची माणसं. कामावरच्या माणसाने काम खाली ठेवलं की त्याला संप म्हणतात. एनबीएच्या खेळाडूंच्या करारात संपाला मनाई आहे, त्यामुळे बक्सनी केलं तो कागदोपत्री करारभंग ठरतो. पण कोणी दंड केला नाही. मालकांनी तर पाठिंबा जाहीर केला.

आता मालकच ज्याला पाठिंबा देतो तो संप कोणाविरुद्ध? पोलीस काही सामन्याची तिकिटं विकत नाहीत. विधिमंडळाचा एक पैसा बुडत नव्हता. त्या रात्री ज्याचं काही हिरावलं गेलं तो एकच पक्ष होता, प्रेक्षक. मला वाटतं, तो संप माझ्याविरुद्ध होता. दिवसभर केनोशाच्या बातम्या डोळ्यांखालून घालून, चुकचुकून, रात्री ‘आता जरा बरं काहीतरी बघू’ म्हणून टीव्ही लावणाऱ्या बाईविरुद्ध. जागतिक कीर्तीच्या दहा खेळाडूंनी मला ते विसरायला मदत करावी अशी माझी अपेक्षा होती, आणि त्यांतल्या पाच जणांना ते स्वतःला विसरता येत नव्हतं.

त्या कोर्टावर ठळक अक्षरांत ‘ब्लॅक लाइव्ह्ज मॅटर’ रंगवलेलं होतं, हेही सांगायला हवं. जर्सीच्या पाठीवर संदेश लावायची मुभा होती, मात्र मंजूर यादीतलाच. मायामी हीटच्या जिमी बटलरला पाठीवर काहीच नको होतं. नाव नको, संदेशही नको. मी कोण आहे हे काढून टाकलं की मी दुसऱ्या कुठल्याही काळ्या माणसासारखाच, असं त्याचं म्हणणं. १ ऑगस्टला तो कोरी जर्सी घालून कोर्टावर आला, आणि सामना सुरू व्हायच्या आधी त्याला ती बदलायला लावली. ही बारीकशी गोष्ट मी अजून विसरलेले नाही. घोषणा चालते, कोरी पाठ चालत नाही! घोषणेला जागा करून देता येते. राष्ट्रगीताच्या वेळी निषेध म्हणून गुडघा टेकला की कॅमेरा जवळ जातो, समालोचक आवाज खाली आणतो, आणि मिनिटभराने चेंडू हवेत उडतो. निषेध वेळापत्रकात बसून जातो. कोणी आलंच नाही तर काय दाखवायचं?

याचा अर्थ गुडघा टेकणं स्वस्त असतं असा नाही. अमेरिकन फुटबॉल खेळणाऱ्या कॉलिन कॅपरनिकने २०१६ मध्ये राष्ट्रगीताच्या वेळी तो टेकला, आणि त्या हंगामानंतर एनएफएल या तिथल्या लीगच्या एकाही संघाने त्याला घेतलं नाही. त्याला तर खेळायचं होतं. त्याचं न खेळणं दुसऱ्यांनी ठरवलं.

मागच्या गोष्टी शोधायला लागले तर एक सारखेपणा दिसला. सुरुवात बहुतेकदा हॉटेलपासून होते. १६ जानेवारी १९५९. एल्जिन बेलर, मिनियापोलिस लेकर्सचा नवा तारा, पहिलाच हंगाम. वेस्ट व्हर्जिनियातल्या चार्ल्सटनला संघ पोचला आणि हॉटेलने तीन कृष्णवर्णीय खेळाडूंना खोली नाकारली. अख्खा संघ मग कृष्णवर्णीयांच्या एका मुक्कामाच्या जागी जाऊन राहिला. हॉट रॉड हंडली हा बेलरचा गोरा सहकारी त्याच गावचा. आपल्या माणसांसमोर आपला संघ खेळणार म्हणून तो हरखलेला. त्याने बेलरला गळ घातली. बेलर म्हणाला त्याचा आशय असा, की मी माणूस आहे. खेळ दाखवायला पिंजऱ्यातून बाहेर काढायचं जनावर नाही. हे ऐकल्यावर हंडलीच म्हणाला, मग नको खेळूस.

त्या रात्री बेलर साध्या कपड्यांत बाकावर बसून राहिला. लेकर्स हरले. मला त्याचं बाकावर बसणं फार मोठं वाटतं. तो निघून जाऊ शकला असता, खोलीत पडून राहू शकला असता. तो तिथे येऊन सगळ्यांना दिसेल असा बसला, आणि उठला नाही.

मग ऑक्टोबर १९६१, केंटकीतलं लेक्झिंग्टन. बॉस्टन सेल्टिक्सचा प्रदर्शनीय सामना. हॉटेलच्या कॉफी शॉपमध्ये सॅम जोन्स आणि टॉम सँडर्स यांना काही द्यायला नकार मिळाला. बिल रसेल आणि संघातले इतर कृष्णवर्णीय खेळाडू सामान बांधून विमानतळाकडे निघाले. प्रशिक्षक रेड आउरबाख यांनी थांबवायचा प्रयत्न केला आणि शेवटी स्वतःच त्यांना सोडायला गेले. समोरच्या सेंट लुईस हॉक्सचे कृष्णवर्णीय खेळाडूही उतरले नाहीत. बक्सनी २०२० मध्ये कोर्ट रिकामं ठेवलं तेव्हा ८६ वर्षांच्या रसेलने ती एकसष्टची आठवण जाहीरपणे काढली.

पण लेक्झिंग्टनचा सामना झाला. उरलेले गोरे खेळाडू उतरले, चेंडू उडाला, गुण लागले. निघून गेलेल्यांबद्दल आज सगळे लिहितात. जे खेळले त्यांच्याबद्दल फारसं कोणी लिहीत नाही. मी त्यांच्यातली आहे, म्हणून थोडं लिहिते.

कॉलेजात असताना मी बास्केटबॉल खेळायचे. संघात राखीव, क्वचित पहिल्या पाचात. आमची पॉइंट गार्ड, म्हणजे खेळ चालवणारी, आमच्यात सर्वात चांगली होती, याबद्दल कोणाचं दुमत नव्हतं. एका मोसमात तिने प्रशिक्षकांबद्दल तक्रार केली. कसली, ते सांगायचा हक्क तिचा आहे, माझा नाही. मोठ्या स्पर्धेसाठी बारा जणींची यादी लागली तेव्हा तिचं नाव त्यात नव्हतं. कारण विचारल्यावर ‘फॉर्म’ असं उत्तर आलं. तिच्या जागी मी पहिल्या पाचात आले.

आदल्या संध्याकाळी कपडे बदलायच्या खोलीत एकीने म्हटलं, “उद्या उतरायचंच नाही आपण. बघू काय करतात.” कोणी काही बोललं नाही. बुटांच्या नाड्या सोडण्याचा तेवढा आवाज. मग मी म्हणाले, “तिलाच आवडणार नाही ते.”

या वाक्याकडे मी पुढे कितीतरी वर्षं वळून वळून पाहिलंय. किती छान वाक्य! समजूतदार. तिची काळजी करणारं. सगळ्यांनी लगेच माना डोलावल्या, जणू कोणीतरी खिडकी उघडली. तिला विचारायला मात्र कोणी गेलं नाही. ती बाहेर पायऱ्यांवरच बसली होती.

आम्ही खेळलो आणि चार गुणांनी जिंकलो. ती बघायला आली होती, टाळ्याही वाजवत होती. तिने आम्हाला कधी काही ऐकवलं नाही. पुढच्या वर्षी खेळणं सोडलं, इतकंच. त्या रात्री टीव्हीवरचं रिकामं कोर्ट बघून मला जो राग आला, त्यात झोपमोडीचा वाटा किती आणि या गोष्टीचा किती, हे मला आजही नीट सांगता येणार नाही.

एकीने ‘उतरायचं नाही’ म्हणणं आणि बाराजणींनी न उतरणं यांतलं अंतर किती असतं, हे १९६५ च्या जानेवारीत न्यू ऑर्लिन्सने दाखवलं. अमेरिकन फुटबॉलच्या एएफएल लीगचा ऑल-स्टार सामना तिथे व्हायचा होता. टॅक्सीवाले कृष्णवर्णीय खेळाडूंना घेईनात, क्लबच्या दारातून त्यांना परत पाठवलं गेलं. २१ जणांनी एकत्र बसून ठरवलं, इथे खेळायचं नाही. काही दिवसांत अख्खा सामना ह्यूस्टनला हलला. शहराला व्यावसायिक संघ हवा होता, त्यासाठी नाव चांगलं राखणं भाग होतं. ती नस २१ जणांनी बरोबर दाबली. उलट १९९१ मध्ये शिकागो बुल्सच्या क्रेग हॉजेसने एनबीएच्या अंतिम मालिकेतला पहिला सामना न खेळण्याची कल्पना मायकल जॉर्डन आणि मॅजिक जॉन्सन यांच्यापुढे मांडली. रॉडनी किंगला पोलिसांनी केलेली मारहाण तेव्हा ताजी होती. दोघांनी ती मानली नाही. सामना झाला. हॉजेसला १९९२ नंतर एनबीएत पुन्हा करार मिळाला नाही.

प्रत्येक नकार सारखा नसतो, हेही खरं. १९७४ च्या डेव्हिस कपमध्ये भारताने ऑस्ट्रेलियाला हरवलं, सोव्हिएत युनियनला हरवलं, आणि अंतिम फेरीत समोर आला दक्षिण आफ्रिका. वर्णद्वेषी राजवटीच्या संघाशी खेळायचं नाही असं सरकारने ठरवलं. कप दक्षिण आफ्रिकेला न खेळता मिळाला. तो निर्णय मला बरोबरच वाटतो. पण नकार सरकारचा होता आणि गमावलेली अंतिम फेरी विजय आणि आनंद अमृतराजची. ते दोघे वर्षभर राबले होते. असा कप पुन्हा हाताच्या अंतरावर येईल याची कोणालाच खात्री नसते.

आणि क्विंटन डी कॉक? ऑक्टोबर २०२१, दुबई, टी-ट्वेंटी विश्वचषक. दक्षिण आफ्रिकेच्या मंडळाने सामन्याच्या दिवशी हुकूम काढला, की सगळ्या खेळाडूंनी गुडघा टेकायचा. डी कॉक वेस्ट इंडीजविरुद्ध उतरलाच नाही. मी तेव्हा त्याला मनातल्या मनात बरंच काही बोलले. दोन दिवसांनी त्याने माफी मागितली, पुढे गुडघा टेकेन म्हणाला, आणि सांगितलं, की माझी सावत्र आई कृष्णवर्णीय आहे, माझ्या सावत्र बहिणी मिश्रवंशीय आहेत. हे मला हुकमाने शिकवायची गरज नव्हती. माझं मत अर्धंच बदललं. पण न खेळणं हे हत्यार कुठल्याही बाजूला वळू शकतं, हे त्या दिवशी नीट दिसलं. मनापासून टेकलेला गुडघा आणि सांगून टेकवलेला गुडघा टीव्हीवर सारखाच दिसतो, हेही.

ऑलिंपिक पदकविजेती कुस्तीगीर साक्षी मलिक कुस्ती महासंघाच्या अध्यक्षावरच्या लैंगिक छळाच्या आरोपांवरून लढत होती, आणि त्याच्याच जवळचा माणूस नवा अध्यक्ष म्हणून निवडून आला. तिच्यापाशी तर थांबवायला एखादा सामनाही नव्हता. २१ डिसेंबर २०२३ ला तिने पत्रकारांसमोर कुस्तीचे बूट टेबलावर ठेवले आणि कुस्ती सोडली.

या सगळ्यांत मी जिच्याकडे सारखी परत जाते ती माया मूर. मिनेसोटा लिंक्सची फॉरवर्ड, २०११ ते २०१७ या काळात चार वेळा डब्ल्यूएनबीए विजेती. फेब्रुवारी २०१९ मध्ये, वय तिशीच्या आत, खेळ ऐन भरात, तिने जाहीर केलं की यंदा खेळणार नाही. पत्रकार परिषदेत गर्जना वगैरे काही नाही. पुढच्या वर्षीही खेळणार नाही म्हणाली.

मिसुरीच्या तुरुंगात जोनाथन आयरन्स नावाचा माणूस होता. १६ वर्षांचा असताना पकडलेला, घरफोडी आणि गोळीबाराच्या आरोपाखाली ५० वर्षांची शिक्षा झालेला. ज्युरीत एकही कृष्णवर्णीय नव्हता. मूर कॉलेजात जायच्या आधी, २००७ मध्ये, त्याला भेटली होती. तो निर्दोष आहे अशी तिची खात्री पटली होती, आणि हंगामांच्या फटीत बसेल एवढं हे काम लहान नव्हतं. म्हणून तिने हंगामच बाजूला ठेवला. वकील, कागद, सुनावण्या. बचाव पक्षापासून दडून राहिलेला बोटांच्या ठशांचा पुरावा पुढे आला, मार्च २०२० मध्ये न्यायाधीशांनी शिक्षा रद्द ठरवली, आणि १ जुलैला आयरन्स बाहेर आला. तो फाटकाकडे येताना दिसला तशी मूर रस्त्यावरच गुडघ्यांवर कोसळली. पुढे दोघांनी लग्न केलं. व्यावसायिक बास्केटबॉलमध्ये ती परतली नाही.

तिच्या न खेळण्याने एकही सामना रद्द झाला नाही. लिंक्स तिच्याशिवाय खेळत राहिले, मीही त्यांचे सामने अधूनमधून बघत होते. रिकामं कोर्ट कोणाला दिसलंच नाही. बक्सचं धाडस तीन दिवसांचं होतं आणि जगाने पाहिलं. मूरचं कित्येक महिने चाललं, आणि त्यात पाहण्यासारखं काही नव्हतं, फायली सोडून. दोन्हींची तुलना करायचा मोह मला होतो आणि मी तो टाळते. बक्सचे लोक ब्लेकसाठी वकिली करू शकले असते असं नाही. पण आमच्या त्या कपडे बदलायच्या खोलीत सामना सोडायची गोष्ट निघाली होती, आणि सामना सोडून पुढे काय करायचं याचा तर विचारही झाला नव्हता. तिच्या तक्रारीचं पुढे काय झालं, हे आमच्यापैकी एकीनेही जाऊन विचारलं नाही.

२९ ऑगस्टला, शनिवारी, टाइमप्लीज संपलं. मधल्या काळात खेळाडू आणि मालक यांच्यात बोलणी झाली. जिथे शक्य तिथे मोठी क्रीडागृहं मतदान केंद्रं म्हणून वापरायची, सामाजिक न्यायासाठी एक कायमचा गट नेमायचा, असं काहीबाही ठरलं. मतदान केंद्रांचं काम खरंच झालं. ३१ तारखेला विस्कॉन्सिनच्या विधिमंडळाचं विशेष अधिवेशन भरलं आणि काही सेकंदांत तहकूब झालं. जानेवारी २०२१ मध्ये सरकारी वकिलाने सांगितलं की ब्लेकवर गोळ्या झाडणाऱ्या पोलिसावर खटला होणार नाही.

शनिवारी मी पुन्हा टीव्हीसमोर होते. तोच पाचवा सामना, तेच दोन संघ, जमिनीवर तीच अक्षरं. सुरुवातीला मी फार गंभीर चेहऱ्याने बसले होते, जॉर्ज हिल कुठे दिसतो ते शोधत. बक्स जिंकत होते. तिसऱ्या क्वार्टरमध्ये पंचाने एक फाउल दिला, मला तो अजिबात पटला नाही, आणि मी आवाज बंद असलेल्या टीव्हीवर ओरडले. शेजारच्या खोलीतून विचारणा झाली, काय झालं. काही नाही म्हटलं, मॅच आहे.